सिलिंडर शीर्षाची निवड : अमेरिकन व्ही-८ एंजिने

अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडर ठोकळ्यावर घट्ट बसविलेल्या, सिलिंडरांची तोंडे बंद करणाऱ्या आणि ज्यात ज्वलन कोठ्या, झडपा व वायूंच्या ये-जा करण्याचे मार्ग असतात अशा ओतीव भागास सिलिंडर शीर्ष म्हणतात. मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या बोलीत त्यास नुसते ‘हेड’ म्हणतात. व्ही-८ एंजिनात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा एकमेकींशी कोन करून असतात. त्यामुळे अशा एंजिनास दोन शीर्षे लागतात.

अमेरिकेत १९६४ पासून सु. दहा वर्षे मध्यम आकाराच्या व त्या मानाने स्वस्त मोटारीत मोठे व्ही-८ एंजिन बसवून वेगवान गाड्या विकल्या गेल्या. त्यांना पुढे ‘मसल कार’ हे नाव रूढ झाले. जनरल मोटर्सच्या पाँटिॲक शाखेने १९६४ मध्ये विक्रीस आणलेली ३८९ घ. इंच (सु. ६·४ लि.) एंजिनाची जीटीओ ही या वर्गातील पहिली मोटार सामान्यपणे मानली जाते. या गाड्यांची एंजिने आजही हौसेने नव्याने बांधली जातात व त्यांवर खर्चही बराच होतो. अशा बांधणीत शीर्ष कोणते घ्यावे हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि सर्वांत अधिक चुका त्यातच होतात. याचे कारण असे की, प्रत्येक शीर्ष एका विशिष्ट काळातील इंधन, कायदा व शर्यतीचे नियम लक्षात घेऊन घडविलेले असते. तो संदर्भ सुटला म्हणजे उरते ती केवळ मोठ्या झडपेची हाव. म्हणून प्रस्तुत नोंदीत निवडीची तत्त्वे इतिहासाच्या अनुषंगाने दिली आहेत. विवेचनात शेव्हरोले कंपनीच्या लहान ठोकळ्याच्या एंजिनावर मुख्य भर असून त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचा विचार आवश्यक तेवढा केला आहे.

कार्य : एंजिनाची शक्ती त्यात किती हवा शिरते यावर मूलतः अवलंबून असते, हवेच्या प्रमाणात इंधन पुरविणे त्या मानाने सोपे असते. ३५० घ. इंच (५·७ लि.) विस्थापनाचे चतुर्धाव एंजिन दर मिनिटास ६,००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांत ते एकदा आपल्या विस्थापनाइतकी हवा ओढते, म्हणजे आदर्श परिस्थितीत त्यास मिनिटाला सु. १७,२०० लि. हवा लागते. या वेगाने भुजादंडाचा एक फेरा १/१०० सेकंदात पुरा होतो व दट्ट्याची चूषण धाव १/२०० सेकंदात संपते. एवढ्या अल्प काळात हवेस शीर्षातील वळणदार मार्गातून झडपेच्या कडेभोवती वळून सिलिंडरात शिरावे लागते. झडप कॅम दंडामुळे किती उचलली जाते, मार्गाचे वळण किती तीव्र आहे आणि झडपेची कड सिलिंडराच्या भिंतीला किती जवळ आहे, यांवर प्रवाह अवलंबून असतो.

यावरून मार्ग व झडप जितकी मोठी तितके चांगले असा समज होणे साहजिक आहे. पण तो अर्धाच खरा आहे. मार्ग मोठा असला म्हणजे मंद वेगात त्यातील हवेची गती घटते. हवेबरोबर वाहणारे पेट्रोलचे सूक्ष्म थेंब मग प्रवाहातून गळून भिंतींना चिकटतात व निरनिराळ्या सिलिंडरांत मिश्रण असमान पोहोचते. शिवाय वेगवान हवेला स्वतःचा संवेग असतो. दट्ट्या खालच्या टोकाहून वर वळू लागल्यावरही, झडप मिटेपर्यंत, ती हवा आत घुसत राहते. हवेची गती मंद असल्यास हा लाभ मिळत नाही, उलट काही हवा मागे ढकलली जाते. थोडक्यात, दर मिनिटास ७,००० फेऱ्यांवर उत्तम ठरणारे शीर्ष २,५०० फेऱ्यांवर एंजिनास सुस्त करते आणि रस्त्यावरील गाडीचा बहुतेक प्रवास या दुसऱ्या स्थितीत होतो.

पूर्वपीठिका : फोर्ड कंपनीने १९३२ साली आणलेल्या २२१ घ. इंच (३·६ लि.) व ६५ अश्वशक्तीच्या व्ही-८ एंजिनामुळे सामान्य अमेरिकन ग्राहकास आठ सिलिंडरांची मोटार परवडू लागली. या एंजिनात झडपा शीर्षात नसून ठोकळ्यात होत्या. शीर्ष म्हणजे केवळ एक सपाट झाकण होते आणि ‘फ्लॅटहेड’ हे त्याचे लोकप्रिय नाव यावरूनच पडले. निष्कास वायू ठोकळ्यातून वाट काढीत बाहेर पडत. त्यामुळे ठोकळा तापे व एंजिनाचा श्वासही कोंडे. बाजूस झडपा असलेल्या एंजिनात ज्वलन कोठीचा आकार बदलून मिश्रणात खळबळ निर्माण केल्यास ज्वलन सुधारते, हे ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर दाखवून दिले होते. पण झडपा ठोकळ्यात असेपर्यंत सुधारणेला मर्यादाच होती. ही मर्यादा ओलांडण्यासाठी झोरा आर्कस-डंटोव्ह व त्यांचे बंधू यूरा यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर फोर्डच्या या ठोकळ्यावर बसणारी, वर झडपा व अर्धगोलाकार कोठ्या असलेली ॲल्युमिनियमची शीर्षे तयार केली. आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘आर्डन’ असे नाव देण्यात आले. मूळ ठोकळा तसाच ठेवून शीर्ष मात्र दुसऱ्या निर्मात्याचे घ्यावयाचे, ही कल्पना आज सर्वसामान्य झाली आहे. तिचे हे एक ठळक आरंभीचे उदाहरण होय. डंटोव्ह पुढे शेव्हरोले कंपनीत गेले व कॉर्व्हेट या क्रीडा-मोटारीच्या विकासाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

मोठ्या कारखान्यांनी हा बदल १९४९ मध्ये स्वीकारला. चार्ल्स केटरिंग यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्समध्ये उच्च संपीडनावर संशोधन झाले होते. त्याच्या आधारे ओल्ड्समोबिल (३०३ घ. इंच, १३५ अश्वशक्ती) व कॅडिलॅक (३३१ घ. इंच, १६० अश्वशक्ती) ही शीर्षात झडपा असलेली नवी व्ही-८ एंजिने त्या वर्षी बाजारात आली. संपीडन गुणोत्तर वाढविल्यास त्याच इंधनातून अधिक कार्य मिळते. मात्र गुणोत्तर प्रमाणाबाहेर गेले, तर मिश्रणाचा शेवटचा भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेट घेतो व एंजिन ठोके देऊ लागते. टॉमस मिज्ली यांनी १९२१ साली शोधलेले टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळून हे ठोके टाळता येत. युद्धोत्तर उच्च संपीडनाची सारी इमारत या शिशावर उभी होती, हे पुढील घडामोडी समजण्यासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

शेव्हरोलेचा लहान ठोकळा : एड कोल हे शेव्हरोलेचे मुख्य अभियंता असताना तयार झालेले २६५ घ. इंच (४·३ लि.) एंजिन १९५५ च्या गाड्यांत प्रथम आले. लागतच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतील अंतर त्यात ४·४ इंच (१११·८ मिमी.) होते व पुढील अनेक दशके ते बदलले नाही. शीर्षात पाचरीच्या आकाराची ज्वलन कोठी होती. प्रत्येक झडपेची रॉकर भुजा पत्र्यातून ठोकून बनविलेली व स्वतंत्र खुंटीवर बसविलेली असे. ही योजना पाँटिॲक शाखेत विकसित झाली होती. तिच्यामुळे जड दंड व घडीव भुजा वगळता आल्या, वजन व खर्च घटला आणि एंजिन अधिक फेरे घेऊ शकले. डावे व उजवे शीर्ष एकच असल्याने ओतकामाचे साचेही कमी लागले. चूषण झडपेचा व्यास १·७२ इंच (४३·७ मिमी.), तर निष्कास झडपेचा १·५० इंच (३८·१ मिमी.) होता. एंजिनाची शक्ती कार्ब्युरेटरानुसार १६२ किंवा १८० अश्वशक्ती होती.

शीर्षांची अदलाबदल हा या एंजिनाचा खरा विशेष होय. विस्थापन १९५७ मध्ये २८३ व १९६२ मध्ये ३२७ घ. इंचांपर्यंत वाढले, तरी शीर्ष बसविण्याच्या खिळींची मांडणी तीच राहिली. इंधन अंतःक्षेपण असलेल्या ३२७ एंजिनासाठी १९६२ मध्ये १·९४ इंच (४९·३ मिमी.) चूषण झडपेचे शीर्ष आले. अधिक शक्तीच्या ३२७ एंजिनांस १९६४ मध्ये २·०२ इंच (५१·३ मिमी.) चूषण व १·६० इंच (४०·६ मिमी.) निष्कास झडप देण्यात आली. या शीर्षांच्या टोकास ओतकामातच उंटाच्या दोन वशिंडांसारखी खूण उमटलेली असे. भंगाराच्या दुकानात धूळ खात पडलेले शीर्ष त्या खुणेवरून ओळखून उचलणे हे त्या काळातील तरुण कारागिरांचे कौशल्यच होऊन बसले. मात्र तीच खूण साध्या, लहान झडपांच्या काही शीर्षांवरही असे आणि अनेकांची त्यामुळे फसगत झाली. ओतीव क्रमांक वाचून व झडप प्रत्यक्ष मोजूनच शीर्षाची खात्री पटते.

मोठ्या झडपेचा मोह येथूनच सुरू झाला. २८३ एंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ३·८७५ इंच (९८·४ मिमी.) आहे, त्यावर ५१·३ मिमी.ची झडप बसविल्यास तिची कड भिंतीच्या फार जवळ येते आणि तेवढ्या भागातून हवा जवळजवळ जातच नाही. १०१·६ मिमी. व्यासाच्या ३२७ किंवा ३५० एंजिनावर तीच झडप योग्य ठरते. झडपेच्या व्यासाचा आकडा सिलिंडराच्या व्यासाशिवाय सांगणे म्हणूनच निरर्थक आहे.

शर्यतींचा धडा : ट्रान्स-ॲम ही मोटारशर्यतींची अमेरिकन मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. तीत एंजिनाच्या विस्थापनावर ३०५ घ. इंच (५ लि.) अशी मर्यादा होती. शेव्हरोलेने ४ इंच व्यास व ३ इंच धाव असलेले ३०२ घ. इंच एंजिन बनवून ते १९६७ पासून कॅमेरो झी/२८ या गाडीत दिले. शीर्षे जुनीच, २·०२ इंच झडपांची होती. या एंजिनाची शक्ती कंपनीने २९० अश्वशक्ती अशी जाहीर केली; प्रत्यक्षात ती बरीच अधिक होती, यावर जाणकारांचे एकमत आहे. रॉजर पेन्स्की यांच्या संघाचे चालक मार्क डॉनह्यू यांनी १९६८ च्या मालिकेतील १३ पैकी १० शर्यती कॅमेरो गाडीने जिंकल्या.

त्याच वर्षी फोर्डने आपल्या ३०२ एंजिनासाठी वेगळाच मार्ग चोखाळला. ढकलदांड्या आड येतात म्हणून चूषण मार्ग अरुंद करावे लागत. फोर्डच्या अभियंत्यांनी मार्ग सरळ व प्रचंड मोठे केले आणि ढकलदांड्या मार्गाच्या मधूनच नळ्यांतून नेल्या. ‘टनेल पोर्ट’ म्हणून ओळखले जाणारे हे शीर्ष कागदावर अप्रतिम होते. पण लहान विस्थापनाच्या एंजिनास एवढे मोठे मार्ग भरून टाकण्यासाठी अतिशय जास्त फेरे घ्यावे लागत. त्या वेगात एंजिने वारंवार मोडली व मालिका शेव्हरोलेने जिंकली.

फोर्डने १९६९ मध्ये ‘बॉस ३०२’ हे एंजिन आणले. लहान ठोकळ्यावर त्यात तिरप्या झडपांची नवी शीर्षे होती. हीच रचना पुढे ३५१ घ. इंचांच्या ‘क्लीव्हलंड’ एंजिनासाठी वापरली गेली. चूषण झडपेचा व्यास २·२३ इंच (५६·६ मिमी.) होता. पाच लिटरांच्या एंजिनावर ही झडप अतोनात मोठी होती. १९७० मध्ये फोर्डने स्वतःच ती २·१९ इंचांपर्यंत (५५·६ मिमी.) कमी केली आणि त्याच वर्षी पार्नेली जोन्स व जॉर्ज फॉल्मर यांच्या गाड्यांच्या जोरावर मालिका जिंकली. विजयाचे श्रेय केवळ झडपेला देणे अर्थातच चूक ठरेल. चालक, गाडीची बांधणी व इतर संघांची स्थिती यांचाही त्यात वाटा होता. परंतु कारखान्याने झडप वाढविण्याऐवजी घटवावी ही घटना बोलकी आहे.

क्लीव्हलंड एंजिनाच्या बाबतीत हा अनुभव अधिक स्पष्टपणे आला. चार कोठ्यांच्या कार्ब्युरेटरासाठीच्या शीर्षात २·१९ इंचांची चूषण झडप व अवाढव्य मार्ग होते, तर दोन कोठ्यांच्या कार्ब्युरेटरासाठीच्या साध्या शीर्षात २·०४ इंचांची (५१·८ मिमी.) झडप व बरेच लहान मार्ग होते. हौशी बांधणारे पहिल्या शीर्षामागे धावत. मात्र रस्त्यावर दुसरे शीर्षच अधिक समाधानकारक असल्याचे पुढे मान्य झाले. मोठ्या शीर्षाच्या मार्गात तळाशी भराव घालून तो लहान करण्याचे उद्योगही झाले. ऑस्ट्रेलियात फोर्डने ३०२ घ. इंच क्लीव्हलंड एंजिनासाठी लहान मार्ग व लहान बंदिस्त ज्वलन कोठी असे शीर्ष बनविले. अमेरिकन शीर्षांत हे दोन्ही गुण एकत्र नव्हते. त्यामुळे ही ऑस्ट्रेलियन शीर्षे पुढे अमेरिकेत मुद्दाम मागविली जाऊ लागली.

मार्गाच्या आकारमानापेक्षा त्याची घडण महत्त्वाची, हे इंग्लंडमधील हॅरी वेस्लेक यांनी बऱ्याच आधी ओळखले होते. शीर्षातून वाहणारी हवा प्रत्यक्ष मोजून मार्ग घडविणाऱ्या आद्य तंत्रज्ञांत त्यांची गणना होते. शर्यतचालक डॅन गर्नी यांनी वेस्लेक यांच्या संस्थेकडून फोर्डच्या लहान ठोकळ्यासाठी शीर्षे करवून घेतली. ही शीर्षे असलेल्या ३०५ घ. इंच एंजिनाच्या लोला गाडीने गर्नी यांनी १९६६ मध्ये ब्रिजहॅम्प्टन येथील कॅन-ॲम शर्यत जिंकली. त्या मालिकेत विस्थापनावर वरची मर्यादा नसतानाही हे घडले. फोर्ड जीटी ४० या एकाच गाडीने १९६८ व १९६९ अशा लागोपाठ दोन वर्षी ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली, तिच्या एंजिनावरही गर्नी-वेस्लेक शीर्षे होती.

मोठी एंजिने : क्रायस्लर कंपनीने १९५१ पासून अर्धगोलाकार ज्वलन कोठीचा पुरस्कार केला. या रचनेत दोन्ही झडपा समोरासमोर कललेल्या असतात. त्यामुळे त्या मोठ्या करता येतात, हवेचे वळणही सौम्य होते. ४२६ घ. इंच (७ लि.) ‘हेमी’ एंजिनाने १९६४ च्या डेटोना ५०० शर्यतीत पहिले तीन क्रमांक पटकावले, रिचर्ड पेटी हे विजेते होते. रस्त्यावरील गाड्यांसाठी हे एंजिन १९६६ ते १९७१ या काळात ४२५ अश्वशक्ती या जाहीर आकड्यासह उपलब्ध होते. परंतु प्रत्येक शीर्षास रॉकर भुजांचे दोन दंड लागत, शीर्ष रुंद व जड होई आणि ठिणगी-गुडदी म्हणजे स्पार्क प्लग झाकणातून आरपार न्यावे लागत. किमतीमुळे ग्राहक थोडेच लाभले. आज या एंजिनाच्या मूळ गाड्यांना जी अवाढव्य किंमत येते, तिचे मूळ त्या वेळच्या या अपुऱ्या खपात आहे.

शेव्हरोलेच्या मोठ्या ठोकळ्याच्या एंजिनात (१९६५ पासून) झडपा निरनिराळ्या दिशांना कलत्या होत्या. झाकण काढल्यावर दांड्या साळिंदराच्या काट्यांसारख्या दिसत, म्हणून शीर्षास ‘पॉर्क्युपाइन’ असे टोपणनाव मिळाले. त्यांचे दोन प्रकार होते : लंबवर्तुळाकार मार्गांचे व मोठ्या आयताकार मार्गांचे. प्रतिष्ठा दुसऱ्याला लाभली. सामान्य वापरास मात्र पहिला प्रकारच सोयीचा आहे.

इंधन व कायदा : एड कोल १९६७ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. उच्च संपीडनाच्या एंजिनावर ज्यांची कीर्ती उभी होती, त्याच कोल यांच्या कारकीर्दीत कंपनीने १९७० मध्ये असे जाहीर केले की, १९७१ पासूनची तिची एंजिने ९१ संशोधन ऑक्टेन अंकाच्या, शिसे कमी असलेल्या पेट्रोलवर चालतील. १९७० च्या शुद्ध हवा कायद्याची पूर्तता करण्यासाठी पुढे उत्प्रेरकी परिवर्तक लागणार होते आणि शिशामुळे उत्प्रेरक निकामी होतो. असे परिवर्तक १९७५ च्या बहुतेक गाड्यांत बसविले गेले. शिसेयुक्त पेट्रोल रस्त्यावरील मोटारींसाठी विकण्यास अमेरिकेत १ जानेवारी १९९६ पासून पूर्ण बंदी झाली. शिशाचे सार्वजनिक आरोग्यावरील दुष्परिणाम पाहता ही बंदी फार उशिरा आली असेच म्हटले पाहिजे.

शीर्षांवर या निर्णयाचे दोन परिणाम झाले. पहिला म्हणजे ज्वलन कोठी मोठी करून संपीडन घटविण्यात आले. ३५० घ. इंचांच्या एलटी-१ एंजिनाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कॉर्व्हेट गाडीत १९७० मध्ये त्याचे गुणोत्तर ११:१ व शक्ती ३७० अश्वशक्ती होती. १९७१ मध्ये ती ९:१ व ३३० झाली, तर १९७२ मध्ये शक्तीचा आकडा २५५ वर आला. या आकड्यांवरून एंजिनाचा एकतृतीयांश जोर गेला असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. १९७२ पासून पंखा, हवागाळणी, निष्कासनळी इ. साधने जोडून मोजलेली निव्वळ शक्ती देण्याचा प्रघात पडला. १९७१ च्या एंजिनाची निव्वळ शक्ती २७५ अश्वशक्ती होती, म्हणजे शेवटच्या वर्षातील खरी घट २० अश्वशक्तींचीच ठरते.

दुसरा परिणाम झडपांच्या बैठकींवर झाला. शिशाच्या संयुगांचा पातळ थर निष्कास झडप व तिची बैठक यांचे रक्षण करीत असे. तो थर नाहीसा झाल्यावर जड ओझ्याखाली जुन्या शीर्षांतील मऊ बिडाच्या बैठकी झिजून झडपा आत धसू लागल्या. नव्या शीर्षांत बैठकी कठीण करण्यात आल्या. जुन्यांत कठीण पोलादी कडी बसवावी लागते. हे यंत्रण काळजीपूर्वक न केल्यास छेद थेट पाण्याच्या पोकळीत जातो व शीर्ष वाया जाते. १९७५ नंतरची काही शीर्षे तर वजन घटविण्यासाठी मुळातच पातळ भिंतींची ओतलेली असून त्यांना तडे जाण्याची खोड आहे. स्वस्तात मिळतात म्हणून ती घेणाऱ्यांना ती महागच पडतात.

नंतरची शीर्षे : जनरल मोटर्सने कॉर्व्हेट गाडीस १९८६ मध्ये ५८ घ. सेंमी. कोठीची ॲल्युमिनियम शीर्षे दिली. बिडापेक्षा ॲल्युमिनियम उष्णता फार लवकर वाहून नेते, त्यामुळे ठोक्यांचा धोका घटतो व संपीडन थोडे अधिक ठेवता येते. शेव्हरोलेच्या लहान ठोकळ्यावर एका जोडीमागे वजनही सु. १८ ते २० किग्रॅ. कमी होते. बीड व ॲल्युमिनियम यांच्या प्रसरणात जवळजवळ दुपटीचा फरक असल्याने गॅस्केट मात्र योग्य प्रकारचे लागते आणि एंजिन एकदा अतितप्त झाले की शीर्ष वाकते. बिडाचा ठोकळा व ॲल्युमिनियमचे शीर्ष ही जोडी आपल्याकडेही अपरिचित नाही. मुंबईच्या टॅक्सींत दीर्घ काळ चाललेल्या प्रीमियर पद्मिनीच्या एंजिनात ती होती.

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक शीर्ष मात्र कोणत्याही शर्यतीसाठी बनलेले नव्हते. मालवाहू व अन्य उपयुक्त गाड्यांच्या ५·७ लि. एंजिनासाठी १९९६ मध्ये ‘व्होर्टेक’ नावाचे बिडाचे शीर्ष आले. चूषण झडप १·९४ इंचांची, मार्गाचे घनफळ सु. १७० घ. सेंमी. व कोठी ६४ घ. सेंमी. इतकी साधी त्याची मापे आहेत. तरीही मार्गाची उंची, वळण व कोठीचा आकार सुधारलेला असल्याने २·०२ इंच झडपांच्या प्रसिद्ध जुन्या शीर्षांहून ते हवा अधिक चांगली वाहू देते. त्यास चूषण नळकांडे वेगळ्या खिळ्यांचे लागते आणि झडप सु. १२ मिमी.पेक्षा अधिक उचलावयाची असल्यास झडपमार्गदर्शकाच्या माथ्यावर यंत्रण करावे लागते. एवढी पथ्ये पाळल्यास सामान्य बांधणीस ते उत्तम आहे.

निवड : आरंभ शीर्षापासून न करता गाडीच्या उपयोगापासून करावा. एंजिन बहुतांश किती फेऱ्यांवर चालणार, गाडीचे वजन व मागील दंतचक्रांचे गुणोत्तर काय, कोणते पेट्रोल मिळणार, हे ठरल्यावर कॅम दंड व शीर्ष ही जोडी एकत्र निवडावी. रस्त्यावरील ३५० घ. इंच एंजिनास १७० ते १९५ घ. सेंमी.चे चूषण मार्ग सामान्यपणे पुरेसे होतात, २१५ घ. सेंमी.हून मोठे मार्ग मोठ्या विस्थापनासाठी किंवा शर्यतीसाठी ठेवावेत.

संपीडनाचा हिशेब कागदावर आधी करणे अत्यावश्यक आहे. ३५० एंजिनात एका सिलिंडराचे विस्थापन सु. ७१७ घ. सेंमी. असते. गॅस्केटची जाडी, दट्ट्यावरील खाचा व दट्ट्या वर आल्यावर उरणारी फट मिळून २० घ. सेंमी. जागा धरली, तर ६४ घ. सेंमी. कोठीने गुणोत्तर सु. ९·५:१ येते. तोच ठोकळा व तेच दट्टे ठेवून १९७१ नंतरच्या शीर्षांतील ७६ घ. सेंमी. कोठी घेतल्यास ते सु. ८·५:१ वर उतरते, तर ५८ घ. सेंमी. कोठीने १०·२:१ पर्यंत चढते. जुन्या ११:१ एंजिनाची नक्कल आजच्या पंपावरील पेट्रोलवर करू पाहणाऱ्याने अंकांच्या पद्धतीतील फरकही जाणून घ्यावा. अमेरिकन पंपांवर आज लिहिलेला अंक संशोधन व मोटर या दोन पद्धतींची सरासरी असतो आणि तो केवळ संशोधन अंकापेक्षा सु. चार-पाचाने कमी भरतो.

विक्रेत्यांची प्रवाहकोष्टकेही सावधपणे वाचली पाहिजेत. अमेरिकेत ही मापने सामान्यपणे २८ इंच (सु. ७११ मिमी.) जलस्तंभाच्या दाबफरकाखाली घेतात, दुसऱ्या दाबावरील आकड्यांशी त्यांची सरळ तुलना करता येत नाही. जाहिरातीत बहुधा झडप ०·७०० इंच (१७·८ मिमी.) उचलल्यावरचा सर्वाधिक आकडा असतो, तर रस्त्यावरील कॅम दंड तिला जेमतेम १२ मिमी. उचलतो. शिवाय झडप त्या सर्वोच्च स्थितीत एकदाच, क्षणभर येते. मधल्या उंचीवरून ती उघडताना व मिटताना दोनदा जाते. ५ ते १२ मिमी. दरम्यानचे आकडे म्हणूनच अधिक मोलाचे असतात. चूषणाच्या मानाने निष्कासाचा प्रवाह किती आहे हेही पाहावे.

ॲल्युमिनियमची तयार शीर्षे आज एडलब्रॉक, डार्ट, एअर फ्लो रिसर्च इ. अनेक निर्माते पुरवितात. जुन्या बिडाच्या शीर्षाची तपासणी, नव्या बैठकी, मार्गदर्शक, झडपा, स्प्रिंगा व पृष्ठ सपाट करणे यांचा खर्च एकत्र धरल्यास साधे नवे शीर्ष पुष्कळदा फारसे महाग पडत नाही. तेव्हा जुनेच शीर्ष घेण्यास आज खरे कारण एकच उरते आणि ते म्हणजे गाडीची अस्सलता. मूळ शीर्षावर ओतीव क्रमांकाखेरीज तारखेची खूणही असते. शेव्हरोलेच्या खुणेत पहिले अक्षर महिना, त्यानंतरचा आकडा दिवस व शेवटचा अंक वर्षाचा अखेरचा अंक दर्शवितो. गाडीच्या बांधणीच्या तारखेशी ही तारीख जुळली तरच ती मूळ समजली जाते. मार्ग घासून रुंद केलेले किंवा पृष्ठ वारंवार छिललेले शीर्ष पूर्वस्थितीत आणता येत नाही. १९६० नंतरच्या दशकात शीर्ष घासणारी कानस सर्वांच्याच हाती होती व त्यात कोणास गैर वाटत नसे, कारण ही ओतकामे तेव्हा जुनी नव्हती आणि दुर्मिळही नव्हती. न घासलेली जोडी सापडणे आता कठीण झाले आहे. म्हणून काही मालक मूळ शीर्षे तेल लावून, गुंडाळून ठेवतात आणि गाडीवर ॲल्युमिनियमची नवी जोडी बसवून तिला कारखान्याच्या नारिंगी रंगाचा हात देतात. झाकण उघडल्यावर वरवर पाहणाऱ्यास ती बिडाचीच वाटते.